‘पीएसडी उघडली की आधी सीएमवायके करा’ म्हणे!

असले मेसेज मी एरवी डिलीट करून मोकळा होतो. हा मात्र भाच्याकडे पोहोचला आणि त्याने लग्नाच्या अख्ख्या करिझ्मा अल्बमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फाइली, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, करून वर सेव्हही करून टाकल्या. म्हणून लिहिणं आलं.

नागपुरातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांत फिरणारा मजकूर असा: ‘पीएसडी उघडली की आधी सीएमवायके करा, प्रिंटमध्ये रंग जसाच्या तसा येतो. लेयरला काही होत नाही. नाही आवडलं तर परत आरजीबी करा. असाइन आणि कन्व्हर्ट एकच. प्रोफाइल जोडू नका, फाइल जड होते.’ (लेयर म्हणजे फाइलमधले एकावर एक थर, आणि प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता ते सांगणारी जोडलेली माहिती.)

‘परत आरजीबी करा’, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीत परत न्या! काय बाप्पा, रंग म्हणजे काय बँकेतली ठेव आहे, हवी तेव्हा काढायला? स्टेजवरचे निळे एलईडी, नवरीचा राणी रंगाचा शालू, हे भडक रंग चार शाईंच्या आवाक्यात बसतच नाहीत. कन्व्हर्ट करताना ते छापता येईल अशा जवळच्या फिक्या रंगावर ओढले जातात. नंतर मोड बदलला की फोटोशॉप आरजीबीचे आकडे नव्याने लिहितं, पण त्या फिक्या झालेल्या रंगाचेच. आणि हा उपद्व्याप कशासाठी? फोटो पेपरवर अल्बम काढणाऱ्या बहुतेक लॅबच्या मशीनमध्ये शाई नसतेच. लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने पेपर एक्स्पोज होतो. तिथे सहसा एसआरजीबी (आरजीबीचं नेहमीचं प्रोफाइल) जेपीईजी द्यायची असते.

‘लेयरला काही होत नाही’ म्हणणाऱ्याने एडिट मेनूतला ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ उघडून पाहावा. त्यात ‘फ्लॅटन इमेज टू प्रिझर्व्ह अपिअरन्स’ अशी टिक आहे. लेयर तसेच राहिले असते तर अडोबीने ती टिक शोभेला ठेवली का? मल्टिप्लाय, स्क्रीनसारखे ब्लेंड मोड (एक लेयर दुसऱ्यात मिसळायच्या रीती) चॅनेलच्या, म्हणजे एकेका मूळ रंगाच्या, आकड्यांवर चालतात. तीनाचे चार चॅनेल झाले की हिशेबच बदलतो आणि शालूच्या घडीवर हाताने दिलेली सावली वेगळीच दिसते. व्हायब्रन्स आणि ब्लॅक अँड व्हाइट हे अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या फोटोचे रंग बदलणारे थर) तर सीएमवायकेत चालतच नाहीत. लेयरची मूळ फाइल आरजीबीतच राहू द्या. ‘इमेज’ मेनूतून डुप्लिकेट करा, मर्ज्ड लेयरची टिक लावा, आणि जे काय कन्व्हर्ट करायचं ते त्या कॉपीवर. छापल्यावर कसं दिसेल ते आधी पाहायचं असेल तर प्रेसचं प्रोफाइल ‘प्रूफ सेटअप’मध्ये निवडून कंट्रोल-वाय दाबा, फाइलला हातही लागत नाही.

असाइन आणि कन्व्हर्ट एकच नाहीत. असाइनमध्ये आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. कन्व्हर्टमध्ये दिसणं शक्य तितकं राखून आकडे बदलतात. अडोबी आरजीबीच्या (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलच्या) फोटोला नुसतं एसआरजीबी असाइन केलं की चेहरे मरगळलेले दिसतात ते यामुळेच.

फाइल जड? नेहमीचं एसआरजीबी प्रोफाइल जेमतेम ३ केबीचं. सीएमवायकेची प्रोफाइलं अर्ध्या एमबीच्या घरात जातात, पण शेकडो एमबीच्या पीएसडीत तेवढ्याने काय होतं?

एक मात्र कबूल. ऑफसेटवर छापायच्या लग्नपत्रिकेला सीएमवायके लागतंच. त्यातही आरजीबीतलं काळं अक्षर कन्व्हर्ट केलं की चारही शाईंत विभागलं जातं आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे शाईंचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, जरा हललं की बारीक टाइप फुटका दिसतो. म्हणून पत्रिकेतला मजकूर पहिल्यापासून नुसत्या काळ्या शाईत, के १०० वर ठेवा. फोटो आरजीबीत तयार करा, प्रेसवाल्या भाऊला त्याचं प्रोफाइल विचारा आणि सगळं झाल्यावर शेवटी कन्व्हर्ट करा.