दहा रुपयांच्या पेनला नावं ठेवू नका

आज बहिणीच्या फ्लॅटच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून गेले होते. दस्ताच्या पानापानावर सह्या करायच्या, म्हणून पर्समधून माझं नेहमीचं बॉलपेन काढलं. तर तिथला एजंट सगळ्यांसमोर म्हणतो, "ताई, एवढ्या लाखांचा व्यवहार, आणि सही असल्या पेनने?" आणि स्वतःच्या खिशातलं जाडजूड सोनेरी पेन पुढे केलं. बहीणसुद्धा हसली. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहायला बसलेय.

त्या सोनेरी पेनचं काय झालं तेही ऐका. शाई ओली. पान उलटलं की सहीचा डाग समोरच्या पानावर. खराब झालेली पानं पुन्हा प्रिंट करून आणायला तोच एजंट जिने उतरून पळाला आणि बाकीचा दस्त माझ्या पेनने पुरा झाला.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणायचो, लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला होते. लिलाव झाला, वजन झालं की शेतकऱ्याची हिशेबपट्टी आण्णांच्या हातची. नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी निव्वळ रक्कम. खाली दोन कार्बन. आता तीन प्रती एकदम उमटवायच्या म्हणजे पेन दाबूनच लिहावं लागतं, तिथे शाईपेनाची नाजूक निब काय करणार? तिसऱ्या प्रतीवर आकडा फिका उमटला तर भांडणं व्हायची, कारण तो आकडा म्हणजे कुणाच्या तरी अख्ख्या हंगामाचे पैसे. आण्णांकडे कायम ते रेनॉल्ड्स ०४५ असायचं, पांढरं अंग, निळं टोपण. कांद्याच्या धुळीत आणि घामेजल्या बोटांत दिवसभर तेच.

लाझ्लो बिरो नावाच्या हंगेरियन पत्रकाराने बॉलपेनाचं पेटंट १९३८ मध्ये घेतलं. छापखान्याची शाई कागदावर चटकन वाळते, मग पेनातली का वाळू नये, असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती शाई इतकी दाट की निबेतून उतरेचना, म्हणून टोकाला गोळी. ती फिरते आणि शाई कागदावर आणते. आजही बहुतेक साध्या पेनांत ती गोळी टंगस्टन कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण असते. एवढं सगळं आपल्याला एका वडापावापेक्षा कमी पैशांत मिळतं आणि आपण त्याला 'असलं पेन' म्हणतो! नीटच्या परीक्षेला पोरांच्या हातात केंद्रावर काळं बॉलपेनच देतात ना? उद्याचे डॉक्टर त्या पेनने गोल काळे करून ठरतात. तिथे नाही कुणाची प्रतिष्ठा आडवी येत.

शाईपेनाने अक्षर सुधारतं, मान्य. स्वस्त पेन कधीकधी खिशात गळतं, तेही मान्य.

पण आण्णांकडे एकदा एक बाई पट्टी घ्यायला आल्या होत्या. मी शाळा सुटल्यावर तिथेच गोण्यांवर बसलेली असायचे, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. नवरा आजारी, म्हणून ट्रॅक्टरबरोबर त्या स्वतः आलेल्या. आण्णांनी सवयीने अंगठ्याचं पॅड पुढे सरकवलं, तर त्या म्हणाल्या, "नको आण्णा, सही करते." गावात साक्षरतेचा रात्रीचा वर्ग चालू होता, तिथे शिकल्या होत्या. एकेक अक्षर दाबून काढलं, तिन्ही प्रतींवर स्वच्छ उमटलं. मग पेनाकडे बघत विचारलं, "हे कितीला मिळतं?" आण्णा म्हणाले, "घेऊन जा, अक्का. घरी सराव करा." दुसरं काढलं आणि पुढच्या माणसाची पट्टी सुरू केली. मागे लोकांची रांग होती.

सोनेरी पेन दिलं असतं का कुणी असं? ते पेन लोक मागायलाच बिचकतात. आज त्या एजंटनेही सही झाली की लगेच हात पुढे केला होता, टोपण स्वतःच लावलं.

मार्करचंही तेच. पूर्वी आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायचे, आता माझ्या सासूबाईंचा साधा काळा परमनंट मार्कर फ्रिजवर ठेवलेला असतो. बरणीवर 'गोडा मसाला, एप्रिल', मीटरच्या पेटीत 'गीझर', शेजारी दिलेल्या डब्याच्या बुडाला आमचं आडनाव. त्यांचा 'ळ' असा ऐसपैस असतो की बरणी लांबूनच ओळखू येते. टोक घासून बोथट झालंय, तरी बदलू देत नाहीत. जाड अक्षर चष्म्याशिवाय वाचता येतं म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं.

हे लिहिता लिहिता राग जरा निवलाय. बहिणीवर तर नाहीच राहिला, ती आपल्या घराच्या आनंदात होती.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. येताना कोपऱ्यावरच्या दुकानात रिफिल मागितली. दुकानदार म्हणे, "रिफिल ठेवतच नाही मॅडम, नवीन पेनच घ्या, परवडतं." अरे, कुणाला परवडतं? अंग धडधाकट, टोपण घट्ट बसतंय, फक्त नळीतली शाई संपली म्हणून ते कचऱ्यात टाकायचं? प्लास्टिकच्या नावाने स्वस्त पेनला बोल लावणाऱ्यांनी आधी रिफिल कुठे गेली ते विचारावं. आण्णा रिफिलच आणायचे, रबर लावलेला जुडगाच असायचा गल्ल्यात. त्या अक्कांना पेन दिलं तेव्हा वर दोन रिफिली पण दिल्या होत्या, हे आत्ता लिहिताना आठवलं.

तर नाशिकमध्ये साध्या बॉलपेनच्या रिफिली सुट्या विकणारं दुकान कुणाला माहीत असेल तर पत्ता सांगा. निळी आणि काळी, दोन्ही हव्यात. मेन रोडची दोन दुकानं पाहून झाली, ती सोडून सांगा.