‘साधं रिटर्नही सीएकडूनच भरा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

रिटर्न भरायचा हंगाम सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, सांगणं तेच असतं: आयकर रिटर्न स्वतः भरू नका. सरकारी साइटवरही शेवटी पैसे लागतातच. फॉर्म सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातो. सीएची सही नसेल तर रिफंड अडकतो आणि नोटीस येते. पाचशे-हजार रुपयांकडे बघू नका, आमचा माणूस रिफंडही जास्तीचा काढून देईल. खाली एक मोबाइल नंबर.

ज्याचं उत्पन्न म्हणजे पगार किंवा पेन्शन आणि बँकेचं व्याज, एवढंच आहे, त्याच्या बाबतीत यातलं एकही विधान टिकत नाही. शेवटचं तर सरळ संकटात लोटणारं आहे. पहिली नोकरी लागलेली मुलं आणि निवृत्त माणसं अशा मेसेजलाच सर्वांत जास्त घाबरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पैशाचा मुद्दा चटकन संपतो. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर नोंदणी, फॉर्म भरणं, पडताळणी, रिफंड, यातल्या कशालाच फी नाही. इंटरनेट अधूनमधून जात असेल तर पोर्टलवरूनच ऑफलाइन युटिलिटी उतरवून घ्या, ती संगणकावर निवांत भरा आणि तयार झालेली फाइल अपलोड करा. तीही फुकट. लोकांचा गोंधळ होतो तो विलंब शुल्कामुळे. मुदत उलटल्यावर रिटर्न भरलं तर ५,००० रुपये आणि उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये भरावे लागतात. पण ही उशिराची किंमत आहे, ती सरकारकडे जमा होते, आणि एजंटाकडून उशिरा भरलं तरी चुकत नाही.

‘फॉर्म कळत नाही’ ही भीती मात्र खरी असते, तिला नीट उत्तर द्यायला हवं. पगारदार, पेन्शनर माणसासाठी आयटीआर-१ हा फॉर्म आहे, त्याचं नावच ‘सहज’. भारतात निवासी असलेल्या आणि ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीसाठी तो आहे. लॉगिन करून तो उघडला की नाव, पत्ता, पगार, टीडीएस (म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर), बरंचसं व्याज आधीच भरलेलं दिसतं. कारण कंपनीने आणि बँकेने ही माहिती विभागाला आधीच कळवलेली असते. आपलं काम उरतं ते ताडून बघण्याचं.

आणि ते ताडून बघणं टाळू नका. तीन कागद समोर ठेवा: कंपनीने दिलेला फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला; पोर्टलवरचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता; आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत हातात येतो आणि २६एएसमधल्या नोंदीही त्याच सुमाराला पूर्ण होतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घाई करण्यात अर्थ नाही. एआयएसमध्ये एखादी नोंद चुकीची किंवा दोनदा आलेली दिसली तर तिथेच हरकत नोंदवता येते. बचत खात्याचं व्याज लोक हमखास विसरतात. मुदत ठेवीवर बँकेने टीडीएस कापला नाही म्हणजे ते व्याज करमुक्त झालं, असाही समज आहे. तसं नसतं, ते उत्पन्नात दाखवावंच लागतं. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल तर जास्तच सांभाळा. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींचा पगार न धरता प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) आणि करमुक्त मर्यादा आपापल्या परीने दिलेली असते. दोन्ही पगार एकत्र मांडले की काही कर भरायचा निघतो. ती पोर्टलची चूक नव्हे, हिशोबच तसा आहे.

कर मोजण्याच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत, हेही लक्षात ठेवा. काही निवडलं नाही तर नवी पद्धत लागू होते. घरभाडं, विमा, पीपीएफ यांच्या वजावटी घ्यायच्या असतील तर पगारदार माणूस मुदतीत रिटर्न भरताना फॉर्ममध्येच जुनी पद्धत निवडू शकतो. दोन्हींचा कर मांडून बघा. पोर्टलवर त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे, आणि तो वापरायला लॉगिनसुद्धा लागत नाही.

आता सीएच्या सहीबद्दल. व्यक्तीच्या रिटर्नची पडताळणी करदात्याने स्वतः करायची असते, असा कायदाच आहे. सीएचा अहवाल लागतो तो ज्यांच्या धंद्याचं लेखापरीक्षण सक्तीचं आहे त्यांना. आपल्याला लागतो आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तो नसेल तर नेटबँकिंगमधून किंवा बँक खात्यावरून पडताळणी होते. तेही जमत नसेल तर पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येते. हे सगळं ३० दिवसांच्या आत. रिफंड अडकण्याची नेहमीची कारणंही इथेच आहेत: पडताळणीच केलेली नाही, बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं नाही, किंवा पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही. यातलं काहीही सीएच्या सहीने सुटत नाही.

‘नोटीस येते’ हे वाक्य ज्या ई-मेलवरून पसरतं तो ई-मेल रिटर्नवर प्रक्रिया झाल्यावर करदात्यांना येतोच. कलम १४३(१) खालची ती सूचना असते: तुम्ही दाखवलेला हिशोब एका बाजूला, विभागाने काढलेला दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळत असतील तर तो ई-मेल जपून ठेवायचा, बस्स. फरक असेल तर कुठे आहे तेही तिथेच दिसतं.

आणि तो ‘जास्तीचा रिफंड’. कर जेवढा जास्त कापला गेला, तेवढाच रिफंड असतो. तो वाढवायचा एकच मार्ग एजंटाकडे आहे: न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं, राजकीय पक्षाला दिल्याची खोटी वर्गणी दाखवणं. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा बनावट वजावटींच्या प्रकरणात देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. असा खोटेपणा उघडा पडला तर वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, वर व्याज. रिटर्न तुमच्या नावाचं, पडताळणी तुमच्या ओटीपीने झालेली. जबाब तुम्हालाच द्यायचा आहे, एजंटाने आपली टक्केवारी केव्हाच घेतलेली असते. लोकांच्या अडाणीपणावर नव्हे, त्यांच्या भीतीवर हा धंदा चालतो, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच येते.

सीएकडे जायचंच नाही, असं मी म्हणत नाही. शेअर्सचे वायदे व्यवहार, विकलेली जमीन, परदेशातली मालमत्ता, कंपनीतलं संचालकपद, यातलं काही असेल तर आयटीआर-१ चालतच नाही आणि जाणत्या माणसाची फी योग्य ठरते.

घरातल्या ज्येष्ठांसाठी आणखी दोन वाटा आहेत. ८० वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला आयटीआर-१ कागदावर भरून देता येतो. वय ७५ किंवा अधिक असेल, उत्पन्न फक्त पेन्शन आणि पेन्शन जमा होते त्याच बँकेतलं व्याज एवढंच असेल, तर त्या बँकेला ठरलेल्या नमुन्यात घोषणापत्र द्यायचं. कर बँकच हिशोब करून कापते, रिटर्न भरावंच लागत नाही.

मागच्या वर्षांची रिटर्न कोणा एजंटाने भरली असतील तर आज एक गोष्ट करा. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल नंबर आणि ई-मेल कुणाचा आहे ते पाहा. बरेचदा तो त्याचाच असतो, आणि विभागाची पत्रं त्याच्याकडे जात राहतात. पासवर्ड माहीत नसेल तर आधारच्या ओटीपीने नवा घेता येतो. मग नंबर बदला आणि आधी भरलेली रिटर्न उतरवून, त्यात तुमच्या नावावर कोणत्या वजावटी दाखवल्या आहेत ते वाचा.