लॅब्रॅडॉर की बीगल? ‘पाच मुद्द्यांत निकाल’ लावणाऱ्यांना उत्तर

‘लॅब्रॅडॉर घ्यावा की बीगल? पाच मुद्द्यांत निकाल’ असा, कुत्र्यांच्या या दोन जातींतून एक निवडून देणारा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात सांगायचं तर: घरात लहान मूल असेल तर डोळे झाकून लॅब्रॅडॉर, कारण चावणं त्याच्या रक्तातच नाही. दोघं नोकरी करत असाल तर बीगल, कारण त्याला व्यायाम कमी लागतो आणि तो दिवसभर एकटा मजेत राहतो. बीगलचे केस गळत नाहीत. लॅब्रॅडॉर पोट भरलं की खाणं थांबवतो. आणि एकूणात बीगल सांभाळायला सोपा.

मावसबहिणीने हा मेसेज मला पाठवला, खाली ‘ठरलं आमचं’ असं लिहून. तिचा मुलगा दीड वर्षाचा, नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडणारे. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने त्यांना दोन्ही कुत्री लागू होतात! काय ठरलं कोण जाणे.

मुलाचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे चुकले तर फार तर सोफा फाटेल. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे. माणसाचं ऐकण्याच्या बाबतीत जात थोडाफार अंदाज देते. पण घाबरल्यावर, त्रास झाल्यावर कुत्रा किती चटकन भडकेल, हे जातीवरून जवळजवळ काहीच कळत नाही. आणि मेसेजवाले नेमकी त्याचीच हमी देऊन मोकळे!

कुत्रा ‘अचानक चावला’ असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मूल गळ्यात पडलेलं असतं. कुत्रा तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, ओठांवरून जीभ फिरवतो, अंग ताठ करतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं. मोठी माणसं तेव्हा ‘किती गोड’ म्हणत फोटो काढत असतात. मग तो गुरगुरतो आणि ओरडा खातो. गुरगुरणं ही ताकीद असते. ती दिल्याबद्दल मार बसला की पुढच्या वेळी ताकीद न देताच दात लागू शकतात. म्हणून जात कुठलीही असो, मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस तिथेच हवं, आणि लक्ष त्या दोघांवर हवं. ते जमत नसेल तर मधे दार किंवा जाळीचं फाटक. कुत्रा जेवत किंवा झोपलेला असेल तर मुलाने त्याच्या वाटेला जायचं नाही. शिवाय वर्षभराचा, दांडगा लॅब्रॅडॉर नुसत्या प्रेमानेही दीड वर्षाच्या मुलाला आडवं करतो.

आता बीगल. ‘लहान म्हणून व्यायाम कमी’ हे ज्याने लिहिलं त्याने बीगल फक्त फोटोत पाहिला असावा. सशाच्या वासामागे तासन् तास, कळपाने धावायला माणसाने तयार केलेली ही जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये विमानतळावर सामानातली बंदी असलेली फळं, मांस हुंगायला बीगल वापरायला सुरुवात केली, ती याच नाकासाठी. त्या नाकाला काम दिलं नाही तर ते कचऱ्याचा डबा शोधतं. आणि कळपातल्या या कुत्र्याला दिवसभर एकटं ठेवलं तर तो असा लांबलचक हेल काढतो की शेजारी दारात येऊन उभे राहतील. पिल्लू असेल तर तेवढा वेळ लघवीही धरवत नाही. अर्थात एकटा लॅब्रॅडॉरही सुखात नसतो. तोही मग चपलांपासून सुरुवात करतो. दुपारी कोणीच घरी नसेल तर आधी त्याची सोय बघा, जातीचं नंतर.

केस दोघांचेही गळतात, भरपूर. पुढे.

‘लॅब्रॅडॉर पोट भरलं की थांबतो’ यावर तर हसू आवरेना. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. थांबवायचं काम तुमचं, मोजून वाढायचं.

राहता राहिलं ‘सांभाळायला सोपा’. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. बीगल दहा-अकरा किलोचा, लॅब्रॅडॉर सहज तीस. पट्ट्याला हिसका बसला की हा फरक खांद्याला कळतो. म्हातारपणी लॅब्रॅडॉरचे मागचे पाय आखडले आणि घरी जिना असला, तर त्याला वर न्यायला दोन माणसं लागतात. बीगलला एकटं माणूस उचलून नेतं. वजन बघून बीगल निवडलात तर माझं काहीच म्हणणं नाही. मेसेजमध्ये मात्र वजनाचा आकडाच नाही.