ड्युटी बदलती असेल तर हाफची तयारी कशी आखायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. वीस आठवड्यांत हाफ मॅरेथॉनची तयारी करण्याचं या ब्लॉगवरचं वेळापत्रक ताईंनी घेतलं. त्या नर्स आहेत, पाळ्या बदलत्या, महिन्यातला एक आठवडा रात्रपाळीचा, घरी दोन मुलं. चौथ्या आठवड्यात मंगळवारची धाव चुकली. ती भरून काढायला त्या बुधवार ते रविवार सलग पाच दिवस पळाल्या, नडगी दुखायला लागली आणि सगळंच बंद पडलं. त्यांचं म्हणणं असं : तारखा आणि टप्पे हे ठरावीक वेळेची नोकरी असणाऱ्यांचे लाड आहेत, ‘स्मार्ट गोल’ (SMART या पाच अक्षरांत ध्येयाच्या पाच कसोट्या बसवणारी पद्धत) ही कंपन्यांची भाषा आहे आणि आपण आपलं रोज जमेल तेवढं पळावं.

पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. तिसरा नाही.

वेळापत्रकातली चूक माझी. त्यात वीसच्या वीस आठवडे सारखे धरले होते, प्रत्येकात चार धावा. असा आठवडा तुमच्या महिन्यात एखादाच येत असेल. बऱ्याच योजना इथेच फसतात. आखायला बसतो तेव्हा डोळ्यांसमोर आपला सगळ्यात चांगला आठवडा असतो. आखणी करायची ती सगळ्यात वाईट आठवड्यावरून. तो निभला की बाकीचे निभतातच.

‘स्मार्ट’बद्दलही तुमचं बरोबर आहे. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ही अक्षरं मांडली ती कंपन्यांतल्या मॅनेजरांसाठीच. पण त्यांच्या मूळ मांडणीत ‘ए’ या अक्षराचा अर्थ ‘गाठता येण्याजोगं’ असा नव्हता. तिथे ‘असाइनेबल’ होतं, म्हणजे हे काम कोण करणार ते ठरलेलं असणं. पुढे तो अर्थ मागे पडला, आणि घर चालवणाऱ्या बाईला नेमका तोच लागतो. तुम्ही पहाटे साडेपाचला बाहेर पडून आठला परत येणार असाल, तर त्या अडीच तासांत मुलांचं दूध, नाश्ता, दार उघडणं हे कुणाकडे? वेळापत्रकात हे नाव लिहिलेलं नसेल तर ते काम आपोआप तुमच्याकडे येतं आणि लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, रद्द होतो. म्हणून प्रत्येक लाँग रनच्या तारखेपुढे घरातल्या एका माणसाचं नाव हवं, आणि त्या माणसाला ते आदल्या रविवारी सांगितलेलं हवं. आदल्या रात्री सांगून भागत नाही.

आता ‘जमेल तेवढं’. तब्येतीसाठी पळायचं असेल तर ते उत्तम धोरण आहे, त्यात मी बोट घालणार नाही. पण तुम्हाला एका तारखेला २१.१ किलोमीटर पळायचंय. ‘जमेल तेवढं’ पळणारे चार-पाच किलोमीटरवर स्थिरावतात, कारण कामाच्या दिवसात तेवढंच बसतं. मग डिसेंबर उजाडतो, पोटात गोळा येतो आणि तीन आठवड्यांत सहावरून सोळावर उडी मारली जाते. दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूबंध बळकट व्हायला महिने लागतात. छातीला जमतंय म्हणून नडगीलाही जमेल असं नसतं. तुमच्या पाच दिवसांत हेच झालं.

तर दिवस मोजू. तुमची हाफ मुंबई मॅरेथॉनमधली, आणि ती शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. २०२७ मध्ये तो १७ जानेवारीला येतो. (नक्की तारीख, नोंदणीच्या अटी आणि कट-ऑफ (शर्यत संपवायची कमाल वेळ) संयोजकांच्या पानावर आत्ताच बघून घ्या.) तिथून वीस आठवडे मागे गेलं की पहिला सोमवार ३१ ऑगस्ट २०२६. गणपती १४ सप्टेंबरला बसतात आणि अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे तिसरा आणि चौथा आठवडा गेला. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला : दहावा आणि अकरावा गेला. उरले सोळा. त्यात दर महिन्याला एक रात्रपाळीचा आठवडा, म्हणजे साधारण चार. वीसातले पूर्ण ताकदीचे आठवडे बाराच. बारांवर हाफ होते, फक्त ते बारा आहेत हे आधी कबूल करायला हवं.

यासाठी आठवड्याच्या तीन पातळ्या ठरवा. किमान आठवड्यात दोन धावा : अर्ध्या तासाची एक सावकाश धाव, आणि एक लाँग रन, तोही ठरलेल्याच्या तीन चतुर्थांश. नेहमीच्या आठवड्यात तीन धावा, लाँग रन पूर्ण. मोकळा आठवडा मिळालाच तर चौथी धाव. सण आणि रात्रपाळी आली की किमान पातळी, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, कारण तो आठवडा तसाच आखलेला आहे. चुकलेली धाव मात्र पुढच्या दिवसावर ढकलायची नाही. ती गेली. दोन धावांच्या मध्ये एक दिवस मोकळा हवा, आणि उधारी फेडायला गेलं की पहिला बळी त्याच दिवसाचा जातो.

लाँग रन रविवारीच हवा असंही कुठे लिहिलेलं नाही. दोन लाँग रनमध्ये निदान पाच दिवसांचं अंतर पडलं की पुरे, मग वार कुठलाही चालेल. रोस्टर (ड्युट्यांचा तक्ता) लागला की भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात एकेक अक्षर लिहा : स, दु, रा, सु. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, सुट्टी. मग आधी लाँग रनचे गोल काढा, छोट्या धावा त्यानंतर. गोल शक्यतो ‘सु’वर. ‘रा’ संपून सकाळी सुटता त्या तारखेवर कधीच नाही.

रात्रपाळीचा एक आठवडा जवळून बघू. सोमवार ते शुक्रवार ‘रा’, शनिवारी सकाळी आठला सुटका. मधल्या बुधवारी दुपारपर्यंत झोप झालेली असते. संध्याकाळी साडेपाचला तीस मिनिटं सावकाश, आंघोळ, जेवण, ड्युटी. शनिवारी घरी येऊन नुसती झोप, पळणं नाही. शनिवारची रात्र अंथरुणात काढली की रविवारी पहाटे लाँग रन. वेळापत्रकात १२ असेल तर ९ किलोमीटर. पाच रात्री जागून पूर्ण १२ पळण्यापेक्षा हे ९ जास्त कामाचे, कारण झोप अपुरी असली की दुरुस्तीही अपुरी राहते आणि तुमच्या नडगीला ती परवडणारी नाही.

आता आकडे. आज तुम्हाला पळत-चालत पाच किलोमीटर जमतात हे धरून लाँग रन असे : पहिल्या दोन आठवड्यांत ५ आणि ६, गणपतीत ४ आणि ५, मग ७, ८, ९, आठव्यात उतरून ७, नवव्यात १०, दहाव्यात ११. दहाव्यातला रविवार म्हणजे नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, तेव्हा तो रन शुक्रवार-शनिवारी उरकायचा. भाऊबीजेच्या आठवड्यात ८. पुढे १२, १३, उतरून १०, मग १४, १६, उतरून १२, अठराव्यात १८, एकोणिसाव्यात १०, आणि विसावा शर्यतीचा. यात सण आणि उतार धरलेले आहेत, रात्रपाळी धरलेली नाही. ती रोस्टरप्रमाणे येईल तिथे त्या आठवड्याचा आकडा पाऊण करायचा. मात्र १६ आणि १८ चे आठवडे तरी रात्रपाळीत येऊ नयेत म्हणून डिसेंबरच्या रोस्टरची अदलाबदल ऑक्टोबरातच बोलून ठेवा. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या सुट्ट्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. तिथे ड्युटी घेऊन पुढचा-मागचा दिवस मागता आला तर मागा.

१८ च्या पुढे सरावात जायची गरज नाही. उरलेले तीन किलोमीटर शर्यतीच्या दिवशी होतात.

वेग हा तुमच्या प्रतिक्रियेत न आलेला, पण नडगीशी थेट जोडलेला मुद्दा. बहुतेकांचा सावकाश रन सावकाश नसतो. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर अडखळत असाल तर वेग कमी करा. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं ही पद्धत पहिल्या मिनिटापासून ठेवा, दमल्यावर नाही. पळण्याचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं आणि चालण्याचा दहा मिनिटं धरला, तर दर पाच मिनिटांत साधारण ६३० मीटर होतात, म्हणजे सरासरी किलोमीटरला सात मिनिटं चोपन्न सेकंद. या हिशोबानं हाफ दोन तास सत्तेचाळीस मिनिटांत संपते. तेव्हा ध्येय असं लिहा : १७ जानेवारी, २१.१ किलोमीटर, तीन तासांच्या आत. मधली तेरा मिनिटं गर्दीला, पाण्याच्या टेबलांना आणि शर्यतीच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाला. तो चढ बराच पल्ला कापून झाल्यावर पायांना लागतो, म्हणून नोव्हेंबरनंतर आठवड्यातली एक छोटी धाव एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर घेतलेली बरी. पादचाऱ्यांना परवानगी असलेल्याच, अर्थात.

दोन जागा आधीच ठरवून ठेवा, जिथे थांबून बघायचं. पहिली १ नोव्हेंबर, नवव्या आठवड्याचा रविवार : तोवर १० किलोमीटर झालेले हवेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना नेहमीसारखा उतरता यायला हवा. दुसरी २० डिसेंबर : १६ किलोमीटर. पहिली जागा हुकली तर या वर्षी दहा किलोमीटरची शर्यत, हाफ पुढच्या मोसमात. हा निर्णय आज लिहून ठेवायचा, कारण नोव्हेंबरात भरलेली फी आठवते, मैत्रिणींना सांगून झालेलं असतं आणि मग दुखऱ्या पायानंही माणूस ‘बघू’ म्हणतो.

रोजच्या अडचणींसाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘जर-तर’ची पद्धत वापरा. नुसतं ‘नियमित पळेन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलं, तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. यातला ‘जर’ डोळ्यांना दिसणारा किंवा घड्याळात मोजता येणारा हवा. ‘कंटाळा आला तर’ हा ‘जर’ उपयोगाचा नाही. ‘ड्युटी सुटायला एक तासाहून जास्त उशीर झाला, तर आज पळणं नाही, वीस मिनिटं चालणं’ हा चालतो. ‘पहाटे पाचला मुसळधार असेल, तर संध्याकाळी सहाला, तेव्हाही असेल तर ही धाव सोडली’ हाही चालतो. असे तीन-चार पुरेत. दहा लिहिले तर एकही आठवत नाही.

आणि नडगी. तुम्ही ‘दुखतेय’ एवढंच लिहिलंय, म्हणून विचारतो : नडगीच्या आतल्या कडेला बोटभर लांबीत पसरलेलं दुखणं आहे, की बोटानं दाबल्यावर हाडावर एकच बिंदू कळवळतो? पहिलं बहुधा अतिश्रमाचं असतं, विश्रांती आणि हळू चढत्या सरावानं बसतं. दुसऱ्यात हाडाला बारीक चीर असू शकते. तसं असेल तर पळणं आजच थांबवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, वेळापत्रक त्यानंतर. सुरू करण्यापूर्वी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ताच्या तपासण्याही करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वर आणायचं. तसंच रेटत राहिलात तर धाप लागते आणि दोष आपल्या आळसाला दिला जातो.

नोंद ठेवायची तर तीनच गोष्टींची : किती मिनिटं, बोलता येत होतं का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती. तीनच्या वर गेलं तर पुढची धाव चालण्यात बदला. याहून जास्त लिहायला लागलात तर दोन आठवड्यांत वही बंद पडेल.

जुन्या वेळापत्रकात या तीन पातळ्या मी या आठवड्यात घालतोय आणि ‘चुकलेली धाव भरून काढू नये’ हे वाक्य सगळ्यात वर घेतोय. ते तळाशी होतं, तुमच्या नजरेतून सुटलं यात नवल नाही.

सप्टेंबरचा रोस्टर लागला की स, दु, रा, सु एवढी अक्षरं तारखांसह इथेच खाली लिहून टाका. पहिल्या चार आठवड्यांतले गोल कुठे बसतात ते जुळवून बघू.