दरवाजे उघडले की गाळ वाहून जातो? नाही जात

‘पुरात धरणाचे दरवाजे उघडले की गाळ निघून जातो. राहिलाच तर त्यासाठी मृतसाठा (सर्वांत खालच्या दारांच्याही खालची, वापरात न येणारी जागा) असतो, तोही भरला तर उपसता येतो. आणि खाली स्वच्छ पाणी गेलं तर नदीचं भलंच होतं.’ असा मजकूर सध्या फिरतो आहे.

आधी दरवाजे. सांडव्याचे दरवाजे धरणाच्या माथ्याजवळ असतात. त्यातून जातं ते वरच्या थरातलं, बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. वर्षभराचा येवा (नदीतून येणारं पाणी) मावेल एवढं मोठं धरण साधारण 95 टक्क्यांहून जास्त गाळ अडवतं. क्षमता येव्याच्या जेमतेम 1 टक्का असली, तरी निम्म्याच्या आसपास गाळ आतच बसतो.

गाळ काढायचा तर तळाशी मोठ्या मोऱ्या हव्यात आणि पातळी पार खाली आणायची तयारी हवी. चीनमध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणात 1960 मध्ये पाणी अडवलं आणि दोनेक वर्षांत साठवणुकीची पद्धतच बदलावी लागली. बांधकामानंतर काँक्रीटनं बुजवलेल्या तळाच्या मोऱ्या पुढे फोडून उघडल्या, शिवाय नवे बोगदे खोदले. आता गढूळ पूर सोडून देतात, साठवण त्यानंतर. एवढं करूनही प्रवाह आपल्या रुंदीपुरताच चर कापतो. दोन्ही काठांवर बसलेला गाळ बहुतेक तसाच राहतो.

मृतसाठ्याचा गैरसमज जुन्या आराखड्यांनीच पसरवला असावा. त्यात गाळ तळाशी सपाट बसलेला दाखवत. प्रत्यक्षात वाळू-रेती फुगवट्याच्या शेपटाशीच, म्हणजे नदी साठलेल्या पाण्याला मिळते तिथंच टेकते, कारण प्रवाहाचा वेग तिथंच मोडतो. ती जागा उपयुक्त साठ्याची, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याची. धरणाच्या पायथ्यापर्यंत पोचते ती बारीक माती. त्यामुळे मृतसाठा पुरता भरायच्या आतच कामाचं पाणी कमी होऊ लागतं.

उपसा छोट्या तलावात जमतो. 1 कोटी घनमीटर गाळ म्हणजे 10 घनमीटरच्या डंपरच्या 10 लाख खेपा. रोज 500 धरल्या तरी साडेपाच वर्षं, तोवर नवा गाळ येतच असतो. शिवाय टाकायचा कुठे? संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या 2022 च्या अंदाजाप्रमाणे जगातली 47 हजारांवर मोठी धरणं 2050 पर्यंत मूळ क्षमतेच्या सुमारे 26 टक्के गमावतील.

राहिलं स्वच्छ पाणी. गाळ नसलेला प्रवाह ती तूट खालच्या पात्रातून भरून काढतो: तळ खरवडतो, काठ कापतो, पुलांचे पाये उघडे पाडतो. नाईलवरचं आस्वानचं उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झालं. नदीचा जवळजवळ सगळा गाळ आता त्याच्यामागे अडतो, आणि नाईलच्या रशीद फाट्याच्या मुखाशी समुद्र किनारा खात आत सरकला आहे.