हुरडा कढईत, पाणी रेन डान्सला

हुरडा कढईत परततात का? गॅसवर, लोखंडी कढईत, वरून तेलाची धार सोडून? परवाच्या रविवारी एका कृषी पर्यटन केंद्रावर माणशी ६०० रुपये मोजून आम्ही हे बघून आलो. लेकरांचे ४०० वेगळे. रस्त्यावर हा मोठा फलक: अस्सल गावरान हुरडा, खास कुटुंबासाठी. आत ना निखाऱ्यांची आगटी, ना गोवऱ्या, ना कणसं. फ्रीजरमधून प्लास्टिकची पिशवी निघाली, आतला हिरवा गोळा कढईत पडला आणि एका पोरानं तो उलथन्यानं फोडला. बर्फ तडतडत होता. सासूबाईंचे हात आयुष्यभर आगटीवर भाजलेत. त्यांनी एक घास तोंडात धरला आणि पत्रावळीच्या कडेला काढून ठेवला. "ह्याला वासच न्हाई गं," एवढंच बोलल्या.

दाणा चिकातून जरा घट्ट होतो ते मोजके दिवस हुरड्याचे. पुढं तो निबर होतो, मग ज्वारी. त्या दिवसांत कणीस निखाऱ्यात खुपसायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं, शेंगदाण्याच्या चटणीसोबत तोंडात टाकायचं. लेकरांना हेच दाखवायला आम्ही गेलो होतो. थोरल्यानं तिथं विचारलं, "आई, ज्वारी कुठंय?" ज्वारी होती. फोटो काढायच्या जागेमागं चार ओळी, भोवती दोरी, दोरीवर पाटी: आत जाऊ नये. बाकी सगळीकडं हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. शेत दाखवतो म्हणून पैसे घेतले आणि लेकरांना कार्पेटवर सोडलं!

मला कुणी सांगू नये की ज्वारी परवडत नाही. मी लातूर जिल्ह्यातलीच आहे, सोयाबीननं काय केलंय ते रोज बघते. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा, ज्वारीला रान उरतंय कुठं? कडबा महागला, बैल गेले, सगळं मान्य. पण ज्याचा धंदाच हुरड्याचा आहे, त्यानं तरी पेरायला नको का? परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हे वाण काढलंय. गुळभेंडी ज्वारी तर आजोबा-पणजोबांपासून आहे, चोळली की दाणा सुटा होतो. थोडं थोडं रान आठवड्याच्या अंतरानं पेरलं तर हुरडा एकदम निबर होत नाही, हंगाम लांबतो. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण तिथं पेरणाराच कुणी नव्हता. गेटवर वॉकीटॉकी घेतलेले चौघे, शेतकरी एकही नाही.

आता संडासाचं सांगते, कारण खरा संताप तिथला आहे. जेवणाच्या मांडवापासून लांब, सहा पायऱ्या चढून, पत्र्याच्या दोन खोल्या. दोनशे माणसं आत घेतली असतील, बायकांना ह्या दोन. एकीला कुलूप. दुसरीची कडी तुटलेली. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना धरून वर चढवलं, दार बाहेरून ओढणीनं ओढून धरून मी उभी राहिले. आत नळ फिरवला तर नुसती हवा. बादलीच्या तळाला ओंजळभर गढूळ पाणी, मग्याला दांडी नाही. आत मांडीपर्यंत लुगडं वर धरून उभी असलेली म्हातारी बाई मला हळूच म्हणते, "राहू दे, घरी जाऊ." घर सव्वा तासावर! मागं रांगेत एक पोर हातात लहान बाळाचा डायपर घेऊन उभी, तिला टाकायला डबा नाही. मी खाली जाऊन मॅनेजरला गाठलं. तो म्हणतो, "टँकर येऊलालाय ताई, धा मिन्टं."

आणि त्याच्या मागं, वीस पावलांवर, रेन डान्स चालू. वरून पाइपातून धो धो पाणी, खाली चाळीस पोरं उड्या मारतायत, पाणी मुरमात वाहून चाललंय.

टँकर कशाला यायचाय मग? त्याच टाकीतून एक नळी संडासाला जोडायला काय होतं? ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात करमणुकीला पाणी आहे आणि बाईच्या बादलीला नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना घातलंय. मी हे त्याला तोंडावर बोलले. त्यानं मोबाइल काढून बोलल्यासारखं केलं आणि निघून गेला. पावती मागितली तर पावती नाही. पैसे टाकायचा कोड भलत्याच माणसाच्या नावाचा.

२०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. कशासाठी? शेतकऱ्याला शेतीसोबत दोन पैसे मिळावेत, गावातल्या पोरांच्या हाताला काम लागावं, शहरातल्या लेकरांना भाकरी कुठून येते ते कळावं. चांगलं होतं. माझा त्याला कधीच विरोध नाही, स्वतःच्या रानात मनापासून आगटी पेटवणारे शेतकरी मी पाहिलेत, त्यांचं मीठ खाल्लंय. पण आता प्लॉटिंगवाल्यांनी हे नाव उचललंय. चार एकर घ्यायचं, गेट उभं करायचं, सिमेंटचा बैल बसवायचा, 'आय लव्ह' अमुक गाव असं लाल अक्षरांत लावायचं आणि डीजे वाजवायचा. तो डीजे! सकाळी अकरापासून. शेतात होला बोलतो, पाटाला पाणी वाहतं, ते ऐकायला माणूस शेतात जातो. शेजारच्या रानातली गाय दावं तोडायला बघत होती त्या आवाजानं.

शेतात जेवण म्हणजे काय ते आमच्या भागाला शिकवायची गरज नाही. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आमची आहे. लातूर-धाराशिवकडं त्या अमावस्येला बाजारपेठा ओस पडतात, अख्खी गावं रानात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात, त्याचं नावसुद्धा विचारत नाहीत. ज्यांचं रान विकलं गेलं, जे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, त्यांच्या लेकरांना वर्षातला तो एक दिवस मिळतो, तोही कुणी बोलावलं तर. उरलेल्या रविवारी ती कुठं जाणार? म्हणून तर माणसं हे ६०० देतात.

आणि दुसरीकडं जावं म्हटलं तर कुठं? आमच्या लहानपणी सहल म्हणजे पैठण. जायकवाडीचं धरण, खाली ज्ञानेश्वर उद्यान, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेलं. एसटी भरभरून पोरं कारंजी बघायला यायची. पुढं त्या बागेची कशी रया गेली ते साऱ्या मराठवाड्यानं पाहिलंय. नळदुर्ग घ्या. इब्राहिम आदिलशहानं चारशे वर्षांपूर्वी बोरी नदी किल्ल्यात अडवली, बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला, नदी भरली की नर-मादी धबधबे असे कोसळतात की बघत राहावं. त्या काळी माणसाला पाण्याचं हे सुचलं. आज आम्हाला संडासात एक नळ चालू ठेवता येत नाही. धबधब्यांचं तर नावच नको. पावसाळ्यात कुठल्याही धबधब्याखाली लेकराला अनवाणी सोडून बघा, बाटल्यांच्या काचा पायात घुसतात. लेण्यांच्या भिंतींवर बाण मारलेले बदाम. चारशे, हजार वर्षांचा दगड, त्यावर खिळ्यानं स्वतःचं नाव खरवडायला हात कसा धजतो?

आमच्या गावातली बाग तर मला बघवत नाही. घसरगुंडीचा पत्रा मधोमध फाटलेला, धाकटीची मांडी तिथंच चिरली, तीन टाके पडले. झोक्याच्या साखळ्या चोरीला गेल्या, नुसते खांब उभे. व्यायामाची यंत्रं गंजली. उद्घाटनाची कोनशिला मात्र चकाचक, तिच्यावर अकरा नावं. बाकांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, संध्याकाळी त्यावर टवाळ पोरं, आणि सकाळी, जेव्हा आयाबाया लेकरांना घेऊन येऊ शकतात, तेव्हा गेटला कुलूप. चावी कुणाकडं आहे ते पालिकेत कुणालाच माहीत नाही. मी दोनदा लेखी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडं आहे. आता निवडणुकीत दारात येतील, हात जोडतील. त्या अकरा नावांतलं जे कुणी येईल, त्याला आधी बागेपर्यंत चालवत नेणार आहे मी, आणि चावी मागणार आहे.