कडुलिंबाचा पाला विष ओळखत नाही

गेल्या रविवारी गावी गेलो होतो. खानापूर तालुक्यात, जांभोटीच्या अलीकडे. काकूने साखरेचा डबा काढायला कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला वहीचा एक कागद चिकटवलेला दिसला. वर लाल पेनने ‘साप चावल्यास’ असं लिहिलेलं आणि खाली सात मुद्दे. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज काकूने सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता. “टायमाला मोबाईल कुठं हुडकत बसू? म्हणून लिहून घेतलोय बघ,” ती म्हणाली.

तो मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता आणि मी तो तीनदा न वाचता सोडून दिला होता. दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ते करायला नको होतं. भात लावणीच्या दिवसांत घरच्या कपाटात तो चिकटलेला बघितल्यावर आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. साप चावल्यावर कडुलिंबाचा पाला चावायला द्या, कडू लागला तर विष नाही, गोड किंवा बेचव लागला तरच विष चढलंय. दोन दातांचे ठसे किंवा सूज नसेल तर साप बिनविषारी समजा. विष अंगभर पसरायला तीन तास लागतात, तोवर घाई नको. दोरीने घट्ट आवळा, ब्लेडने चिरून रक्त काढा. होमिओपॅथीचं नाजा २०० दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, विष उतरतं. दवाखान्यातलं इंजेक्शन घोड्याच्या रक्ताचं असतं, त्यानेच जास्त माणसं दगावतात. आणि शेवटी, सापाला मारलं तर त्याचा जोडीदार डूख धरतो.

पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्यात घातक तोच आहे आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तो चालत आलाय.

कडू चव कळते कशी? जिभेवरच्या चव-कलिकांना पाल्यातला कडू रस लागतो आणि तिथून संवेदना मेंदूकडे जाते. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची एका चेतातंतूतून, मागच्या भागाची दुसऱ्यातून. म्हणजे निरोप जिभेकडून मेंदूकडे. नागाचं आणि मण्यारीचं विष मुख्यतः काम करतं ते उलट्या वाटेवर. मेंदूचा हुकूम चेतातंतूतून स्नायूपर्यंत येतो आणि तंतू व स्नायू यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन या फटीत सुटतं, स्नायूवर बसतं आणि स्नायू आकसतो. नागाचं विष स्नायूकडची ही जागा अडवून धरतं. मण्यारीचं विष तर तंतूचं टोकच खराब करतं. मेंदू हुकूम सोडतोय, पण स्नायूला तो पोचत नाही. चवीची संवेदना या फटीतून जातच नाही. घोणस आणि फुरसं यांच्या विषाचा मुख्य मारा तर रक्तावर असतो, ते गोठायचंच थांबतं. तेव्हा चव लागली याचा अर्थ चवीची नस चालू आहे, एवढाच. श्वासाच्या स्नायूंबद्दल किंवा रक्ताबद्दल कडुलिंब काहीही सांगत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाने २०१६ मध्ये सर्पदंशाच्या उपचारांची मार्गदर्शिका काढलीय. त्यात लक्षणांच्या यादीत चव आणि वास यांत फरक पडण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे काही रुग्णांना तोंडाची चव वेगळी वाटते, हे खरं. आपल्या म्हाताऱ्यांनी कधीतरी ते पाहिलं असेल. पण काहींची चव बदलते म्हणून ज्याची बदलली नाही तो सुरक्षित, हा निष्कर्ष निघत नाही. शिवाय भीतीने तोंडाला कोरड पडली तर लाळ नाही, आणि लाळ नसेल तर कडू रस कलिकांपर्यंत नीट पोचत नाही. धामण चावलेल्या माणसालाही पाला बेचव लागेल आणि मण्यार चावलेला सांगेल, कडू आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी सातवीत असताना आमच्या वाडीतला एक मुलगा सोप्यात जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. रात्री पोटात दुखतंय म्हणून उठला. घरात साप दिसल्याचं कोणीतरी म्हणालं, बॅटरी मारून पाय बघितले, काही दिसलं नाही. सूज नाही, रक्त नाही. मग परसातला कडुलिंबाचा पाला आणला. “कडू हाय,” असं तो म्हणाल्याचं मला आजही ऐकू येतं, आणि त्यानंतर सगळ्यांनी सोडलेला श्वासही. पोटदुखीवर ओव्याचं पाणी दिलं. पहाटे त्याच्या पापण्या वर उचलेनात. सगळे म्हणाले, झोप आलीय पोराला, झोपू दे. जीप मिळाली तोवर उजाडलं होतं. बेळगाव लागायच्या आधीच तो गेला.

आता दुसरा मुद्दा याच गोष्टीत आला. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की झोपेतल्या माणसाला डास चावल्याइतकंही जाणवत नाही. ठसे दिसत नाहीत, सूज येत नाही. ती रात्री हिंडते, उंदीर आणि दुसरे छोटे साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पोटदुखी, ओकारी, मग पापण्या जड. नंतर दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळता न येणं, मान सावरता न येणं, आणि शेवटी छातीचे व पोटाचे श्वासाचे स्नायू. वरून खाली अशी ही उतरण असते. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असू शकतो, त्याला ऐकू येत असतं, फक्त डोळे उघडता येत नाहीत. म्हणून ‘झोप आलीय’ हे वाक्य मला सहन होत नाही. आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाला, तूप, पाणी किंवा कसलेही थेंब घालणं म्हणजे ते श्वासनळीत घालण्यासारखं आहे.

विष आहे की नाही हे बघायचंच असेल तर दवाखान्यात दोन साध्या गोष्टी करतात. पाल्याऐवजी काचेची नळी. नवी, स्वच्छ, कोरडी. तीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदा तिरपी करायची. रक्ताची खरवसासारखी वडी जमली असेल तर गोठण शाबूत आहे. पाण्यासारखं ओघळलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात पोचलंय. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर उत्तर चुकतं, एवढी काळजी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, रुग्णाला वर बघायला सांगून पापण्या खाली येतात का बघायचं आणि एका दमात किती आकडे मोजता येतात ते विचारायचं. अर्ध्या तासापूर्वी तीसपर्यंत जाणारा आता बारावर थांबत असेल, तर श्वास कमी होतोय. आणि हे एकदा बघून भागत नाही. म्हणूनच काही होत नसलं तरी चोवीस तास ठेवून घेतात. लोकांना वाटतं बिल वाढवायला.

तीन तासांचा मुद्दा कुठून आला देव जाणे. शरीरातलं रक्त साधारण मिनिटाभरात एक फेरी मारतं. विष आधी बहुतांशी लसिकेतून, म्हणजे रक्ताबाहेर पेशींच्या मधून वाहणाऱ्या पातळ द्रवातून सरकतं आणि लसिका पुढे ढकलली जाते ती स्नायूंच्या हालचालीने, म्हणून पळायचं नाही, चालायचं नाही, पाय मोडल्यावर जसा काठीला बांधतो तसा सैल बांधून स्थिर ठेवायचा. नागाच्या दंशात तासाभराच्या आत श्वास अडकू शकतो, मण्यारीची लक्षणं कधी कित्येक तासांनी दिसतात. सगळ्या सापांना एकच घड्याळ नसतं. आणि मण्यारीच्या विषाने तंतूचं टोक एकदा खराब झालं की सर्पविषावरची लस (दवाखान्यातलं इंजेक्शन) दिली तरी ते लगेच दुरुस्त होत नाही. नवं टोक वाढेपर्यंत काही दिवस व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो. माणूस वाचतो, पूर्ण बरा होतो, पण मशिनपर्यंत वेळेत पोचला तर. काकूच्या कागदावरचे ते तीन तास म्हणजे तोच वेळ.

दोरी आवळल्याने रक्तपुरवठा तुटून पाय सडू शकतो. आणि ज्याचं रक्त गोठत नाही अशा घोणस चावलेल्या माणसाला ब्लेड लावलं तर ते थांबवणार कोण? त्याच मार्गदर्शिकेत आवळणं, चिरणं, चोखणं तिन्ही बंद म्हणून सांगितलंय. पुढे.

नाजा २००. माझ्या वर्गातली मुलं हे गणित करतात, मोठ्यांनीही करून बघावं. नागाचं विष शंभरपट पातळ करायचं, ते पुन्हा शंभरपट, असं दोनशे वेळा. म्हणजे एकावर चारशे शून्यं. एका मोलमध्ये, म्हणजे रेणू मोजायच्या एका मापात, रेणू असतात सहावर तेवीस शून्यं, त्यामुळे बाराव्या-तेराव्या खेपेनंतर मूळ विषाचा एकही रेणू बाटलीत उरण्याची शक्यता नाही. आणि समजा उरला, तरी विषावर विष हे औषध कसं होईल? होमिओपॅथी इतर कशासाठी घेता त्यावर मला इथे बोलायचं नाही. पण सापाच्या विषावर दहा-दहा मिनिटांचे तीन थेंब म्हणजे घरी घालवलेला अर्धा तास.

घोड्याच्या इंजेक्शनबद्दल मेसेज निम्मं खरं बोलतो. लस घोड्यांपासूनच होते. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचतात, त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिनं तयार करतं आणि ती रक्तातून वेगळी काढून शुद्ध करतात. यात किळस येण्यासारखं काय आहे? आपल्याच टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. तीही जनावराच्या अंगावर वाढवूनच करत, आणि तशाच लशीने देवी गेली. हो, घोड्याच्या प्रथिनांची काहींना तीव्र ॲलर्जी येते, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब पडतो. म्हणूनच ती घरी किंवा गल्लीतल्या कंपाउंडरकडून घ्यायची नसते, दवाखान्यात शेजारी ॲड्रेनॅलिन, म्हणजे अशी ॲलर्जी आवरायचं इंजेक्शन, भरून ठेवलेलं असतं. आणि कणकुंबीकडच्या जंगलातल्या चापड्यासारख्या सापांवर ही लस नीट चालत नाही, हेही खरं. पण म्हणून दवाखाना टाळा? लहान मुलाला कमी डोस द्या म्हणणारेही भेटतात. मुलालाही मोठ्या माणसाएवढीच लस लागते, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

डूख धरण्यावर फार लिहीत नाही. सापाचा मेंदू सूड लक्षात ठेवण्याएवढा नसतो. मारू नका हे मात्र बरोबर, मारायला गेलेल्यालाच दुसरा दंश होतो.

भगताकडे, पाल्याने, थेंबांनी बरे झालेले लोक आहेत, हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. असणारच. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं गप्प बसूनही बरी झाली असती. जे गेले ते सांगायला येत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. वर्षाला साधारण ५८,०००. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे आपल्या लावणीपासून भात पोटरीला येईपर्यंत.

कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलं, चांगलं केलं. पण त्याची माहितीपत्रकं आमच्या भागात कन्नडमध्ये लागतात आणि काकूला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तिच्या मोबाईलवर शुद्ध मराठीत, मुद्देसूद, शेवटी हात जोडलेल्या चित्रासह आलं ते हेच. म्हणून मला तिचा राग येत नाही. राग येतो तो लिहिणाऱ्याचा, आणि ‘पाठवायला काय जातंय’ म्हणणाऱ्यांचा.

कागद मी काढला. तिने विचारलं, “मग करायचं काय, ते तरी लिव की गा.” नव्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. १०८ ला फोन. पाय हलवायचा नाही. अंगठी, पैंजण काढायचं, सुजेने रुततं. तोंडात काही घालायचं नाही. गाडी उशिरा येणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून जवळचा सरकारी दवाखाना, आणि तिथून पाठवलं तर थेट बेळगाव सिव्हिल. रात्री जमिनीवर झोपलात तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायची. पिंजर (भाताचा पेंढा) घराच्या भिंतीला टेकवून रचायचं नाही.

खाली पलीकडच्या गल्लीतल्या जीपवाल्याचा नंबर काकूने स्वतःच्या हाताने लिहिला.